अन्फिनचा हात

ओस्लो, १४ ऑक्टोबर १९५७

प्रिय गुन्वोरताई,

पोहोचलो. शेजारच्या मोन्सने ट्रकमधून वेळेत स्टेशनवर सोडलं, पण सगळा रस्ता मांडीवर मेंढीच्या मुंडक्यांचं पोतं घेऊन बसायला लागलं. गाडीत माझ्या शेजारी कुणी बसेना. पुढच्या वेळी मी चालत जाईन, असं त्याला सांग.

शनिवारी बाबांना पंच्याहत्तर पूर्ण होणार आणि मी तिथे नसणार, याचं वाईट वाटतं. पण कारखान्याची हिवाळ्याची बिअर याच आठवड्यात तळघरात उतरते आणि तिचं तापमान सांभाळणारा मी एकटा. साहेबांनी रजा दिली ती एका दिवसाची. निदान वाढदिवसाची बिअर घालताना तरी घरी होतो. विरजण टाकताना बाबांनी रिवाजाप्रमाणे पिंपात तोंड घालून ठोकलेली आरोळी अजून कानात आहे. इकडे आम्ही त्याला यीस्ट म्हणतो आणि गुपचूप टाकतो.

पण ताई, एकोणचाळीस अंश म्हणजे फार झालं. बाबांनी कोपरापर्यंत हात घातला, ‘धारोष्ण आहे, टाका’ म्हणाले. मी मागून माझी काचेची नळी घालून पाहिलं, म्हणून आकडा सांगतो. आमच्याकडे पारा दहाच्या वर गेला तर माझी नोकरी जाईल. गरम आंबवलेली बिअर दुसऱ्या दिवशी डोकं धरते, हे पुस्तकात लिहिलेलं आहे. तसं बोललो तर बाबा सगळ्यांसमोर काय म्हणाले ते तू ऐकलंसच. "तुम्ही बिअरला हुडहुडी भरवता, आम्ही पांघरूण घालतो. जा, तू बटाटे सोल." हसलात सगळे. मोन्स तर जरा जास्तच हसला.

असो. यंदा फेस यायला वेळ लागला तर घाबरून जाऊ नका. सावकाश आलेलीच चांगली असते. कशी झाली ते कळव.

तुझा,
हाल्दोर


त्वेइते, २७ ऑक्टोबर

हाल्दोर,

कळव म्हणालास म्हणून कळवते.

बिअर झाली नाही. तुला घेऊन मोन्स गेला, आम्ही धारा काढून गोठ्यातून आलो, जेवलो. मग बाबा चूलघरात जाऊन नेहमीसारखे पिंपाला कान लावून बसले. काही ऐकू येईना. आणखी तासाभराने पुन्हा कान लावला, तरी काही नाही. एवढ्या वेळात आपलं विरजण पिंपाच्या काठाबाहेर यायला बघतं, तुला माहीत आहे. शेवटी मेंढीची कातडी बाजूला सारून त्यांनी हात आत घातला आणि तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "गुन्वोर, तू बघ."

पन्नास वर्षं या घरात राहते आहे. पिंपात हात घाल असं मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी घातला. पिंपातला जवाचा रस थंडगार होता.

म्हटलं, "बाबा, एवढी लोकर, वर कातडी, आणि तीन तासांत इतकं निवेल कसं?"

"निवलं नाही. गरम नव्हतंच. माझा हात खोटं बोलला."

वसंतात झटका आला तेव्हा डावा हात लुळा पडला, उजव्याला काही झालं नाही असं डॉक्टरांनी चारदा सांगितलं होतं. ते सगळं पाण्यात गेलं. त्यांनी दोन बादल्या रस काढून चुलीवर उकळवला आणि तसाच परत ओतला. हात न घालता ओतला, रे. ‘घालून उपयोग काय’ म्हणाले. विरजण जे काही जिवंत होतं तेही त्यात गेलं. पंच्याहत्तरीची बिअर म्हणून सगळंच टाकलं होतं, मागे कणभर ठेवलं नव्हतं.

शनिवारी खोऱ्यातल्या सातही घरांतली माणसं आली. कुणाला काय सांगणार? मोन्सने एक घोट घेतला आणि म्हणाला, "काय हे अन्फिन, पंच्याहत्तरीला साखरपाणी पाजतोस होय?" सगळे हसले. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण बाबा उठले, आजोबांनी विणलेलं लाकडी कडं, ज्याच्यावर विरजण वाळवायचो, ते खिळ्यावरून काढलं आणि सगळ्यांदेखत शेगडीत घातलं. मग कुणी हसलं नाही.

परवा ब्रिता बोलवायला आली होती. तिची बिअर घालायची होती. चाळीस वर्षं खोऱ्यात कुणीही बिअर घातली की अन्फिनचा हात लागतो, हे तुला नव्याने सांगायला नको. बाबा तिला म्हणाले, "दुसरं कुणी बघ, पोरी. माझा हात गेला." त्या दिवसापासून वासरांना दूध पाजायलाही येत नाहीत. तोंड धुवायचं पाणी मला विचारतात, गरम आहे का म्हणून. डोळ्यांनी बघवत नाही.

गुन्वोर


ओस्लो, ४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून जीव कळवळला. माझ्या टूरिडलाही वाचून दाखवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण तूच शांतपणे विचार कर. विरजण मेलं ते उकळता रस ओतल्यामुळे. सोळा अंशांवर यीस्ट मरत नाही, नुसतं झोपतं. चार दिवस धीर धरला असता तर आपोआप उठलं असतं. घाई नडली. बाबांना दोष देत नाही, पण वय झालं की हात कधीतरी दगा देणारच, त्यात लाज कसली? म्हणून तर जगाने मोजायची नळी शोधून काढली. तिला ना झटका येतो, ना तिचा वाढदिवस असतो.

त्यांना सांग, वाईट वाटून घेऊ नका. वासरांचं तू बघ थोडे दिवस. नाताळात येतो तेव्हा मी बोलेन त्यांच्याशी.

हाल्दोर


त्वेइते, ११ नोव्हेंबर

हाल्दोर,

सोळा कुठून आले?

मी ‘थंडगार’ लिहिलं होतं. या घरात मोजायची नळी नाही. एक होती, ती तुझ्या खिशात, आणि तिच्यात एकोणचाळीस होते असं तू स्वतः लिहिलंस. आम्ही गोठ्यात होतो तेव्हा चूलघरात तू एकटा होतास. दुधाचे दोन मोठे कॅन दाराशी धुवून पालथे घातलेले होते. मी त्या दिवशी ते धुतलेच नव्हते. मला वाटलं, भावाला बहिणीची दया आली.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही. काय केलंस ते सरळ लिही. सरळ नसेल तर लिहू नकोस.

गुन्वोर


ओस्लो, १८ नोव्हेंबर

ताई,

सरळ लिहितो.

तुम्ही गोठ्यात गेलात. मोन्स मुंडकी भरून ट्रक आणायला घरी गेला. मी पिंपाशी उभा राहून विचार करत होतो, की शनिवारी चाळीस माणसं ही बिअर पिणार आणि रविवारी चाळीस माणसं डोकं धरून बसणार, आणि त्यात बाबाही असणार, या वयात, झटका येऊन गेलेला असताना. गेली अकरा वर्षं मी दुसरं काही करत नाही, फक्त बिअर थंड ठेवतो. माझं ते एकच कसब आहे. दोन कॅन झऱ्याच्या पाण्याने भरले आणि पिंपात उभे केले. पाणी कोमट झालं की बदलायचं, असं सात-आठ वेळा केलं. सोळावर पारा आला, मोन्सने हॉर्न वाजवला. कॅन काढले, धुतले, पिंप होतं तसं झाकून ठेवलं. थेंबभर पाणी रसात पडू दिलं नाही, एवढं तरी मान.

माझ्या मनात पाप नव्हतं. बिअर काचेसारखी नितळ होईल, बाबा पितील, आणि मग मी सांगेन की ही अशी का झाली, असं मनात होतं. आपलं विरजण गारठ्यात उठतच नाही हे मला ठाऊक नव्हतं. कुठल्याच पुस्तकात ते नाही. आणि खरं सांगू का, ‘बटाटे सोल’ हे मला लागलं होतं. बेचाळीस वर्षांचा आहे मी.

तुझ्या पाया पडतो, बाबांना तू सांगू नकोस. नाताळात मी येतो आणि समोर बसून सांगतो.

हाल्दोर


त्वेइते, २५ नोव्हेंबर

हाल्दोर,

उशीर झाला, मी सांगितलं. तुझं पत्र हातात घेऊनच सांगायला गेले होते, पण ते चष्मा लावेनात.

म्हणाले, "मेलेल्या विरजणासाठी भावाला चोर ठरवतेस?"

म्हटलं, "बाबा, त्याने लिहिलंय."

"लिहिलं असेल. तू त्याला लिहायला लावलं असशील. म्हाताऱ्याचं मन राखायला तुम्ही दोघांनी मिळून कट केलाय. गुन्वोर, मी हात गमावलाय, अक्कल नाही."

माझ्या तोंडून ते खरं मानणार नाहीत. मी त्यांची सगळी कामं करते, पाणी गरम की गार ते सांगते. माझं बोलणं म्हणजे त्यांना औषधाच्या चमच्यासारखं वाटतं. सांगायचं तर तूच, आणि समोर बसून.

आणि नाताळापर्यंत थांबू नकोस. डॉक्टर येऊन गेले. काळीज थकलं आहे, उन्हाळा बघतील असं वाटत नाही म्हणाले. मोन्स परवा त्याचं विरजण घेऊन आला होता. तेही मुळात आपल्याच घरचं, लढाईच्या वर्षी बाबांनीच त्याला दिलेलं. बिचारा दारात टोपी काढून उभा राहिला. बाबांनी आत बोलावलं, कॉफी दिली आणि विरजण परत दिलं. "ज्याला गार-गरम कळत नाही त्याच्या घरात हे कशाला मारतोस?"

तो गेल्यावर मला म्हणाले, "माझ्या मयताला कॉफी ठेव." हाल्दोर, या खोऱ्यात भिकाऱ्याच्या मयतालाही बिअर असते. आई गेली तेव्हा त्यांनी रडत रडत पिंपात हात घातला होता, आणि सात घरांनी तिच्या नावाने वाडगा उचलला होता. तो माणूस स्वतःसाठी कॉफी मागतो. कारण तुला बटाटे सोलायला सांगितल्याचं लागलं.

एक दिवस पुरतो. सकाळच्या गाडीने ये, दुसऱ्या दिवशी परत जा.

गुन्वोर


ओस्लो, २० डिसेंबर

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला, माफ कर. कारखान्यात नाताळची बिअर बाहेर पडते आहे, श्वास घ्यायला सवड नाही. त्यात टूरिडच्या आईला न्यूमोनिया झाला. नाताळात यायचं जमत नाही. ईस्टरला नक्की.

सोबत बाबांसाठी एक भेट पाठवतो आहे. पितळी पट्टीवर बसवलेली काचेची नळी. कारखान्यात वापरतो तीच. अंश ठळक आहेत, चष्म्याशिवायही दिसतील. वाटलं, ही हातात आली की त्यांना धीर येईल, पुन्हा बिअर घालावीशी वाटेल. मग मी येऊन बोललो की सगळंच सोपं होईल.

सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा.

हाल्दोर


त्वेइते, ६ जानेवारी १९५८

हाल्दोर,

या घरात बिअरशिवाय नाताळ झाला. लढाईत जर्मन होते तेव्हाही असं झालं नव्हतं.

तुझी नळी पोहोचली. बाबांनी ती उलगडली, खिडकीशी नेली, वर-खाली करून पारा बघितला. कडं लटकायचं त्या खिळ्यावर ती टांगली आहे. येईल त्याला दाखवतात. "हाल्दोरने पाठवलीय. तो त्या दिवशी बोलला होता, मी ऐकलं नाही. नळी कुणाचं ऐकत नाही आणि कुणाशी खोटं बोलत नाही. तुम्हीही एकेक घ्या." मोन्सने तर मागवली आहे. काल ब्रिताला सांगत होते, "माझा पोरगा शहाणा. मीच त्याला हसलो."

तू एवढं शहाणपण कमावलंस. समाधान आहे का?

ईस्टर एप्रिलमध्ये आहे. बाबा जिना चढत नाहीत आता, खालीच झोपतात. तुला रजा मिळत नसेल तर मी तुझ्या साहेबांना पत्र घालते. लाज मला नाही.

गुन्वोर


ओस्लो, १९ जानेवारी

ताई,

साहेबांना लिहू नकोस, कृपा कर.

मी बाबांना वेगळं पत्र लिहिलं आहे, सोबत आहे. तू मोठ्याने वाचून दाखव. माझ्याच शब्दांत आहे, तेव्हा तू पढवलंस असं ते म्हणणार नाहीत. चार वेळा लिहून फाडलं, हे पाचवं.

हाल्दोर

(सोबतचं पत्र)

प्रिय बाबा,

ऑक्टोबरमधल्या त्या दिवसाबद्दल मला काही सांगायचं आहे. तुम्ही गोठ्यात असताना मी बिअर थोडी निववायला म्हणून पिंपात गार पाण्याचे कॅन ठेवले होते. कदाचित त्यामुळेही रस जरा जास्त थंड झाला असेल. तेव्हा सगळा दोष तुमच्या हाताचा होता असं मला वाटत नाही. माझ्याकडूनही काही चूक झाली असण्याची शक्यता आहे. तुम्ही ते मनाला लावून घेऊ नका. तब्येतीला जपा.

तुमचा,
हाल्दोर


त्वेइते, २ फेब्रुवारी

हाल्दोर,

वाचून दाखवलं. तुझ्या ‘कदाचित’सकट, ‘शक्यते’सकट वाचलं, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले. मग बघते तर गालांवरून पाणी. आई गेल्यानंतर पहिल्यांदा.

म्हणाले, "बघ गुन्वोर, किती गुणाचा आहे. बापाची चूक स्वतःच्या अंगावर घेतोय. खोटं बोलता येत नाही त्याला, म्हणून कसा अडखळत लिहितोय."

मी ओरडले. वडिलांच्या अंगावर ओरडले, देव मला क्षमा करो. "बाबा, ते खरं आहे!" त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, त्याच उजव्या हाताने, आणि म्हणाले, "असू दे, असू दे. तुम्ही दोघंही चांगली आहात."

तुला एकदा तरी, ‘मी केलं’ असं दोन शब्दांत लिहिता आलं नाही? मला लिहिताना आलं होतं. सात-आठ वेळा पाणी बदललं, पारा सोळावर आला, सगळं कसं स्वच्छ लिहिलं होतंस. बापापाशी आल्यावर तुझी शाई पातळ झाली.

ये. आल्यावर कदाचित म्हणू नकोस.

गुन्वोर


त्वेइते, २३ मार्च

हाल्दोर,

मयताचे सगळे पाहुणे गेले, घर धुऊन झालं, आता बसून लिहिते आहे.

तू फेब्रुवारीत आलास. सगळी दुपार दार लावून बाबांजवळ बसलास. बाहेर आलास तेव्हा डोळे लाल होते. मी विचारलं, "सांगितलंस?" तू मान हलवून हो म्हणालास. "काय म्हणाले?" तर म्हणालास, "समजून घेतलं." मी तुला चार महिन्यांनी पहिल्यांदा जेवायला नीट वाढलं. पंधरा दिवसांनी बाबा गेले. मी मनाशी म्हणत होते, हात परत मिळाला, मग गेले.

त्यांनी कॉफीच सांगितली होती ती काही बदलली नाही, तेव्हा मी कॉफीच ठेवली. वाटलं, विसरले असतील, किंवा बोलायला ताकद नसेल. लोकांनी कपाकडे बघून माना खाली घातल्या. तू माझ्या शेजारी उभा होतास. मोन्स तुला म्हणाला, "शेवटी शेवटी हातानेच दगा दिला रे म्हाताऱ्याला." आणि तू म्हणालास, "हो ना."

तेव्हाच मला शंका आली. पण मयताच्या दिवशी भांडायचं नाही म्हणून कप भरत राहिले.

काल ब्रिता आली होती. बाबा जायच्या आदल्या दिवशी ती त्यांच्याजवळ बसली होती. त्यांनी तिला सांगितलं, "हाल्दोर येऊन गेला. किती जपतो मला! सगळी दुपार बसला, पण त्या बिअरचा विषय एकदाही काढला नाही."

मी एकच विचारते. उत्तर एका ओळीत दे.

गुन्वोर


ओस्लो, २ एप्रिल

ताई,

नाही सांगितलं.

एका ओळीत तू मागितलंस, पण पुढचं ऐक. गाडीत सबंध रस्ता मी पाठ करत आलो होतो. ‘बाबा, मी केलं. तुमचा हात बरोबर होता.’ एवढंच. खुर्ची ओढून बसलो, तोंड उघडलं, तर तेच बोलायला लागले. म्हणाले, "गुन्वोर म्हणते तू माझ्या पिंपात पाणी ठेवलंस. तिचं मनावर घेऊ नकोस, ती माझ्यासाठी बोलते. दुसऱ्याच्या पिंपाला पाठीमागे हात लावणारा माणूस त्वेइतेत जन्मला नाही, एवढं मला कळतं." मग माझा हात त्यांनी हातात घेतला. म्हणाले, "तू गार आहेस की मी गरम, तेही कळत नाही बघ. पण तू आहेस म्हणून मला घोर नाही. माझ्या हाताबरोबर ही विद्या गेली नाही, तुझ्याकडे गेली."

आता तू सांग, अशा वेळी कसं बोलायचं? पंधरा दिवसांचा सोबती माणूस, आयुष्यात पहिल्यांदा माझ्याबद्दल अभिमानाने बोलत होता. ते त्यांच्याकडून काढून घ्यायचं? त्यांना शांतपणे जाऊ द्यावं असं वाटलं. मी त्यांच्यासाठी गप्प बसलो, ताई. तुझ्याशी खोटं बोललो ते तुलाही शांतता मिळावी म्हणून.

आता झालं गेलं. हे आपल्या दोघांत राहू दे. लोकांना सांगून बाबा परत येणार आहेत का? मलाही वर्षातून एकदा त्या खोऱ्यात यायचं असतं.

हाल्दोर


त्वेइते, २७ एप्रिल

हाल्दोर,

त्यांच्यासाठी नव्हे. त्यांच्यापुढे एका बाजूला मुलगा होता आणि एका बाजूला हात. कुठला ठेवायचा हे त्यांनी ठरवायला हवं होतं. तू त्यांना न विचारता मुलगा ठेवलास, कारण तो मुलगा तू होतास. हात मातीत गेला.

माझं मन विचारशील तर, त्यांनी हात मागितला असता. तुलाही ते ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाहीस.

काल मी बाबांच्या नावाने बिअर घातली. मयताची, दीड महिना उशिरा. असं कुणी करत नाही, पण पाद्रीबाबांनी नको म्हटलं नाही. मोन्सने विरजण दिलं. चूल मी पेटवली, रस मी उकळला, आणि निवत आला तेव्हा बाह्या वर करून कोपरापर्यंत हात घातला. माझा हात काही त्यांच्यासारखा नाही, दोनदा बाहेर काढला, दोनदा घातला. धारोष्ण वाटला तेव्हा विरजण टाकलं. आरोळी मला जमली नाही. ब्रिताने ठोकली. दोन तासांत पिंप बोलायला लागलं.

सातही घरं तिथेच होती. बिअर तयार व्हायला अजून दोन दिवस आहेत, पण मला थांबवेना. सगळ्यांना आत बोलावलं, कातडी बाजूला केली, फेस दाखवला. आणि मग सांगितलं. बाबांनी त्या दिवशी धारोष्ण म्हटलं तेव्हा पारा एकोणचाळीसवर होता, हे सांगितलं. कॅन सांगितले, सोळा सांगितले. तुझी पत्रं वाचून दाखवली, तारीखवार, वरून खालपर्यंत. ‘हो ना’सुद्धा सांगितलं.

मोन्स उठून बाहेर गेला आणि अंगणात कुंपणाला धरून उभा राहिला. त्याला ते साखरपाणी आठवलं असणार. ब्रिता रडत होती. म्हाताऱ्या लोकांनी टोप्या काढल्या.

तू यावंस की येऊ नयेस, ते मी सांगत नाही. तुला आता इथे कुणाशी खोटं बोलायची गरज पडणार नाही. अन्फिनचा हात शेवटपर्यंत खरा होता, हे आता खोऱ्यातल्या पोराटोरांनाही माहीत आहे. एकट्या बाबांना सोडून.

गुन्वोर